इंटरव्हलपर्यंतचा सिनेमा

"थांबा. इंटरव्हल. मटार सोलून घ्या तोवर."

असं म्हणून काकी उजवा हात वर करायच्या. त्या हातात नेहमी एक अर्धी फोडलेली शेंग असायची. दिल्लीच्या छावणीतले आमचे क्वार्टर विमानांच्या वाटेवर होते. दर दोन-चार मिनिटांनी एक विमान डोक्यावरून घरघरत जायचं, आणि त्या घरघरीत हिरोनं काही बोलावं हे काकींना मंजूर नव्हतं. विमान गेलं की हात खाली यायचा, दाणे ताटलीत पडायचे आणि हिरो पुढं बोलायला लागायचा. विमान, माकड, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, काहीही आलं तरी इंटरव्हल. एका सिनेमात दहा-बारा तरी व्हायचे.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, सिनेमा बघून येणारी आणि शेजारणींना सांगणारी. पण तुम्ही म्हणाल, आता प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे, हवा तो सिनेमा त्यावर दिसतो, मग सांगायचं काय आणि ऐकायचं काय? मीही आधी हेच म्हणाले होते. नवीन होते, तोंड जरा जास्तच चालायचं. काकींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मोबाइलवर सिनेमा बघताना नवऱ्याचा फोन आला तर काय करतेस?"

"उचलते."

"मग? निम्मा सिनेमा गेला ना?"

मी मटारांची ताटली पुढं ओढली.

ज्यांचे नवरे लांब सीमेकडे आहेत आणि बायका-मुलांना तिकडे नेता येत नाही, त्यांच्यासाठी ते क्वार्टर होते. नळाला पाणी होतं, गेटवर पहारा होता, मुलांना न्यायला शाळेची बस यायची. नवरे तेवढे नव्हते. मी साताऱ्याकडची, काकी सांगलीकडच्या, एक बीडची, आणखी तीन-चार इकडच्या तिकडच्या, अशा आम्ही मराठी बायका हिवाळ्यात दुपारी इमारतीमागच्या उन्हात सतरंजी टाकून बसायचो. दिल्लीच्या थंडीत घरात बसणं म्हणजे शिक्षाच असते. आमची नवी फरशी तर अशी गार, की दोन मोजे घालूनही पाय आपले वाटायचे नाहीत.

काकींचा नवरा हवालदार, रिटायर व्हायला आलेला. मुलीची बारावी होईपर्यंत त्या तिथं होत्या. आठवड्यातून एकदा, सकाळचं आवरून, केसांना तेल लावून, खांद्याला पर्स अडकवून त्या एकट्या करोल बागेतल्या एका थिएटरात दुपारचा खेळ बघायला जायच्या. फक्त प्रेमाचे सिनेमे. मारामारीचा असला तर म्हणायच्या, "ते काय, आमच्या घरातला माणूस तेच शिकलाय." मग पुढचे चार-पाच दिवस तो सिनेमा सतरंजीवर चालायचा. तिकीट ठरलेलं होतं, प्रत्येकीनं एक वाटी मटार सोलून द्यायचे. काकी पाच-पाच किलो मटार आणून फ्रीजरमध्ये भरून ठेवायच्या आणि ते सगळे आमच्याकडून सोलून घ्यायच्या, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सांगायच्या मात्र अशा, की काय सांगू! हिरो चालत आला म्हणायच्या तर आम्ही वळून बघायचो. साडीचा रंग, हिरॉईनच्या डोळ्यांतलं पाणी, सासूचं वाकडं तोंड, सगळं. गाणी मात्र सांगायच्या नाहीत. "इथं ते दोघं नाचले," एवढं म्हणून पुढं जायच्या.

आणि त्यांचे हिरो बोलायचे फार वेगळं. पहिल्यांदा हे कधी लक्षात आलं ते सांगते. बीडवालीचा नवरा फोनवर एकच प्रश्न विचारायचा, गॅस सिलेंडर आला का? ती वैतागून म्हणाली होती, "लग्नाला सहा वर्षं झाली, ह्या माणसाला सिलेंडरशिवाय दुसरं काही सुचत नाही. माझ्याशी लग्न केलंय की एजन्सीशी?" आम्ही पोट धरून हसलो. काकीही हसल्या. दोन दिवसांनी नव्या सिनेमात हिरो परदेशात, बर्फात, मोठ्या पुलावर उभा होता. तीन वर्षं हिरॉईनची भेट नाही. कसाबसा फोन लागला.

"आणि मग," काकी म्हणाल्या, आणि वर विमान आलं. हात वर. आम्ही सगळ्या विमानाच्या नावानं बोटं मोडत बसलो. विमान गेलं.

"मग त्यानं विचारलं, सिलेंडर लागला का गं नवा?"

हसत सुटलो आम्ही. पण बीडवाली हसली नाही. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. काकी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "त्याला दुसरं काय विचारता येणार बाई एवढ्या लांबून? चूल पेटली म्हणजे ही जेवली. जेवली म्हणजे बरी आहे. त्याला तेवढंच जाणून घ्यायचं होतं." त्या संध्याकाळी जिन्यातून जाताना मला बीडवालीचा आवाज ऐकू आला. ती फोनवर म्हणत होती, "आला सिलेंडर. मी जेवले. तुम्ही?"

मला वाटलं योगायोग. अहो, मला वाटलं आजकालचे सिनेमेच असे निघत असतील! एकदा एकीनं तोच सिनेमा पुढं मोबाइलवर बघितला आणि तणतणत आली, "काकी, तो पुलावर सिलेंडरचं काही म्हणतच नाही." काकींच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "मोबाइलवर कापून दाखवतात," म्हणाल्या. "थिएटरमध्ये पूर्ण असतो." आम्हाला ते पटलंसुद्धा.

आम्हाला पटणारच होतं. सगळ्यांच्याच अंगात एक बेचैनी भरलेली असायची. संध्याकाळी सात ते आठ ही फोनची वेळ. सहापासूनच हाताला काही सुचायचं नाही. मी आमटीत दोनदा मीठ घालायची. फोन चार्जिंगला लावायचा, काढायचा, रेंज बघायला गॅलरीत जायचं, परत आत यायचं. आणि एवढं करून फोन आला की बोलणं काय, तर बरी आहेस का, बरी आहे, पाऊस आहे का, नाही. फोन ठेवल्यावर वाटायचं, एवढ्यासाठी दिवसभर जीव टांगला होता? सिनेमातला माणूस बघा, हिरॉईनच्या खिडकीखाली रात्रभर उभा राहतो. आमच्यातली एकही बाई हे उघड म्हणायची नाही. पण मनात तोलून बघायची प्रत्येक जण. मी तर बघायचीच.

माझे हे ईशान्येकडे होते. लग्नाला दोन वर्षं, त्यातले एकत्र राहिलेले दिवस तीन महिनेसुद्धा भरणार नाहीत. त्यांच्याकडे रेंज चांगली, त्यामुळे आमचा व्हिडिओ कॉल. इतर बायकांना याचा हेवा वाटायचा. हे दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. पण त्या हिवाळ्यात त्यांनी एक नवीनच सुरू केलं. फोन लागला की पहिलं वाक्य, "फोन फिरव."

फोन फिरव म्हणजे घर दाखव. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. मग न्हाणीघराचं दार उघडून दाखव. पलंगाखाली दाखव, असं एकदा म्हणाले, आणि वर हसले. मीही हसले. गिझर दुरुस्तीला माणूस आला होता तर तो जाईपर्यंत कॉल चालू ठेवायला लावला. मला हे कुठंतरी खटकायचं. पण नेमकं काय खटकतंय हे कळत नव्हतं, आणि कुणाला विचारायचं तेही कळत नव्हतं.

म्हणून मी ते सतरंजीवर हसत हसत सांगितलं. "आमचे हे म्हणजे कमालच आहेत बाई, रोज घराचं इन्स्पेक्शन!" बायका हसल्या. काकींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि शेंग फोडली.

तीन दिवसांनी नवा सिनेमा सुरू झाला. हिरो जहाजावर नोकरीला, हिरॉईन किनाऱ्यावरच्या गावात. तो रोज फोन करतो आणि म्हणतो, घर दाखव. भिंती दाखव, खिडकी दाखव, तुझा पलंग दाखव. ती विचारते, काय बघतोस रोज तेच तेच? तो म्हणतो, "तू ज्या ज्या गोष्टीला हात लावतेस ती ती मला बघायची असते."

बीडवालीनं मला कोपरानं ढोसलं. "नशीब काढलंस गं," म्हणाली.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. ते खटकणं थांबलं. महिनाभर मी हवेत होते. फोन यायच्या आधी टिकली नीट करायची, उशांचे अभ्रे बदलायची, आणि "फोन फिरव" म्हटलं की असा फिरवायची, जणू शूटिंगच चाललंय. न सांगताच पलंगाखाली दाखवायची. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

मग शाळेची गोष्ट आली. माझं डी.एड. झालेलं. पहाडगंजातल्या मराठी शाळेत तीन महिन्यांसाठी बाई हवी आहे, असं काकींच्या कानावर आलं आणि त्यांनी ते मला सांगितलं. धौलाकुआँहून मेट्रो, रेल्वे स्टेशनपाशी उतरलं की चालत. मी ऐकून नुसती हरखून गेले. पोरांना मराठीत शिकवायचं, तेही दिल्लीत! त्या संध्याकाळी आमटीत मी मीठच घातलं नाही.

"नाही," हे म्हणाले.

"का पण?"

"स्टेशनजवळचा एरिया. कसली कसली माणसं असतात. माझं प्रेम आहे म्हणून सांगतो, दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जा, मर कुठंही."

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. आम्ही दोघांनी लग्नानंतर जो एकुलता एक सिनेमा एकत्र पाहिला होता, त्यात हिरो हिरॉईनला जवळजवळ हेच म्हणतो आणि ती त्याच्या छातीवर डोकं ठेवते. मी डोकं कुठं ठेवणार? "बरं," म्हणाले. अर्ज लिहून ठेवला होता तो उशीखाली सरकवला. प्रेम आहे म्हणून, असं स्वतःला सांगत रडले. त्यात काही चुकतंय असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात यांनी दुपारीही फोन चालू ठेवायला सांगितला. मी सतरंजीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन ठेवायची, कॅमेरा माझ्याकडे. बायकांना आधी गंमत वाटली. मग त्या जरा पदर सावरून, जरा मागे सरकून बसायला लागल्या. जहाजावरच्या हिरोचा सिनेमा सगळ्यांना एवढा आवडला होता, की काकींनी तो चार-पाच दिवसांऐवजी महिनाभर लांबवला होता, आणि आता त्या तो संपवत आल्या होत्या. जहाज किनाऱ्याला लागत होतं. तेवढ्यात फोनमधून यांचा आवाज आला.

"ती बाई कोण आहे? रोज काय भरवते तुझ्या डोक्यात? उठ. आत जा."

वर विमान नव्हतं. सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. मी उठले. ताटली खाली ठेवली, फोन उचलला, आणि बायकांकडे बघून हसले. मान जराशी तिरकी करून, लाजल्यासारखं. "बोलावतायत," म्हणाले. जिन्यापाशी जाऊन मागे बघितलं तर काकी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांच्या हातात शेंग होती. हात वर नव्हता, आणि त्यांनी इंटरव्हलही म्हटलं नाही.

दोन दिवस काकी खाली आल्याच नाहीत. अंग दुखतंय, असा निरोप आला. तिसऱ्या दिवशी हे ड्युटीवर होते आणि मी फोन घरी ठेवून खाली गेले, तर काकी येऊन बसल्या होत्या. पुढ्यात मटार नव्हते. मी त्यांना रिकाम्या हातानं बसलेलं पहिल्यांदाच बघत होते.

"परवाचा सिनेमा मी चुकीचा सांगितला," काकी म्हणाल्या. "ते घर दाखव, भिंती दाखव, त्यात नव्हतंच. मी घातलं होतं ते."

बीडवालीच्या डोक्यात प्रकाश पडला. ती एकदम सरळ बसली. "म्हणजे? मग माझा सिलेंडर?"

"तोही मीच घातला."

"काकी!"

"पण सिलेंडर खरा आहे गं. तो राहू दे." मग माझ्याकडे वळल्या. "हिचं तेवढं खोटं होतं. तो हिरो नाही. मी दोन दिवस विचार केला, कुठल्याच बाजूनं बसत नाही त्याला हिरो करणं."

कुणीतरी चाचरत विचारलं, "मग जहाज किनाऱ्याला लागलं, त्याचं काय झालं?"

"ती नव्हतीच तिथं. तिला शाळेत नोकरी लागली होती, ती शाळेत गेली होती."

"आणि पुढं?"

"पुढचं मला माहीत नाही. मी इंटरव्हलला उठून आले."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. तुम्हाला वाटेल मी त्यांच्या गळ्यात पडले असेन. छे! मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "माझ्या घरातलं सिनेमात घालायला तुम्हाला सांगितलं कुणी? आधी हिरो करता, मग चार बायकांत काढून टाकता? माझा नवरा म्हणजे काय तुमची मटाराची शेंग आहे?"

"नाही बाई," काकी म्हणाल्या. "चुकलंच माझं." आणि डोळ्यांना पदर लावला. मी पाय आपटत वर गेले.

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी त्या स्वतःच आल्या. दारात उभ्या राहिल्या, या म्हटल्याशिवाय आत आल्या नाहीत. चहा घेतला. मग मी न विचारताच सांगायला लागल्या.

"एकोणीस वर्षांची होते मी लग्नात. जत्रेतल्या तंबूत सिनेमे बघून वाढलेली. आमचे हे मुके म्हटलं तरी चालेल. फोनवर अजून एकच, ऐकू येतंय का? येतंय. बरं. ठेवला. आठ वर्षं मी रडून काढली गं, की ह्या माणसाचं माझ्यावर प्रेमच नाही. सिनेमातला गातो, हा एक शब्द बोलत नाही. मग मला टायफॉइड झाला. हे रजेवर आलेले. महिनाभर केसांना फणी नव्हती माझ्या. एका दुपारी मागे बसले आणि माझे केस विंचरून दिले. तासभर, एकेक गुंता सोडवत. भांग वाकडा पडला. मी आरशात बघितला तो वाकडा भांग आणि मला वाटलं, अगं बाई, मी आठ वर्षं कसल्या गाण्याची वाट बघत होते?"

एक विमान गेलं.

"तेव्हा ठरवलं, दुसऱ्या कुठल्या पोरीची वर्षं अशी जाऊ द्यायची नाहीत. जो नवरा जसा बोलतो तसाच त्याला हिरो करून टाकायचं. सगळ्यांना लागू पडलं. तुला मी तेच औषध दिलं. तुझा आजार वेगळा होता, ते मी बघितलंच नाही."

आणि मग, अगदी हळू, "त्या दिवशी तू हसलीस ना उठताना, तसं हसताना मी हिरॉईनी बघितल्यात. तुला तसं हसायला मी शिकवलं."

मला रडू फुटलं. काय सांगू, त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून मी लहान पोरीसारखी रडले. उशीखालचा अर्ज काढला. काकींनी तो हातानं दाबून सरळ केला, पण घडी काही गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच अर्जासह आम्ही दोघी पहाडगंजला गेलो. मेट्रोत काकींनी माझा हात सोडला नाही. गर्दीत त्या हरवतील अशी त्यांना भीती होती, की मी परत फिरेन अशी, कोण जाणे.

संध्याकाळी फोन आला. "फोन फिरव."

"फिरवणार नाही," मी म्हणाले. "सोमवारपासून शाळेत जाणार आहे. बोलायचं असेल तर बोला. घर तुम्ही बघितलेलं आहे."

त्यांनी फोन कापला. त्यानंतर अकरा दिवस फोन नाही. ते अकरा दिवस माझे मलाच माहीत. शाळेत पोरं 'वांगी' म्हणजे काय विचारायची आणि मी 'बैंगन' सांगताना खिशातल्या फोनला हात लावायची. सात वाजले की काकी वर यायच्या, दोन किलो मटार घेऊन. एक शब्द न बोलता समोर बसून सोलायच्या. आठ वाजले की सालं गोळा करून उठायच्या. "उद्या येते," म्हणायच्या. एकदा मी विचारलं, "काकी, माझा संसार मोडला तर?" त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येत नाही गं. मला सांगता आलं असतं तर मी आधीच नसतं का सांगितलं?"

बाराव्या दिवशी फोन आला. साधा, व्हिडिओ नाही. यांनी विचारलं, "जेवलीस का?"

मी काकींकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. मी नाही काही घातलं, असं त्यांना म्हणायचं होतं.

मे महिन्यात काकी गेल्या. मुलीचा निकाल लागला, नवरा पेन्शनवर आला. तो उंच, मुका माणूस ट्रकवर सामान चढवत होता आणि काकी खालून ओरडत होत्या, "फ्रीज आडवा नको!" जाताना मला म्हणाल्या, "गावात थिएटर नाही गं. आता कुणी तरी मलाच सांगायला पाहिजे." मी म्हणाले, मी सांगेन. ट्रक गेटबाहेर वळला तेव्हा नेमकं विमान आलं आणि त्या काहीतरी बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

शाळेचे तीन महिने संपले, पण मला पुढंही ठेवून घेतलं. यांचे फोन येत राहिले. कधी बरे, कधी वाईट. दोन-तीनदा पुन्हा "फोन फिरव" झालं, मी नाही म्हणाले, चार-चार दिवस अबोला धरला गेला. हिवाळ्यात हे महिन्याच्या रजेवर आले. दाराची बेल वाजली तेव्हा मला आनंद झाला की भीती वाटली, ते मी अजून सांगू शकत नाही.

एका रविवारी मला म्हणाले, चल, सिनेमाला. करोल बाग, काकींचंच थिएटर. सिनेमात हिरो हिरॉईनच्या मागे मागे फिरतो, तिच्या ऑफिसात जातो, तिच्या हातातला फोन हिसकावून रस्त्यावर आपटतो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागची एक कोवळी मुलगी "हाय, कितना प्यार करता है" म्हणाली. अंधारात हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बघ, बघ. आणि तू मला नावं ठेवतेस."

दिवे लागले. इंटरव्हल. मी उठले.

"समोसे आण दोन," हे म्हणाले.

"समोसे नाही. मी घरी चाललेय."

"अगं, अर्धा बाकी आहे!"

"असू दे. तुम्हाला बघायचा तर बघा."

मी बाहेर आले. बाजाराच्या गर्दीतून मेट्रोकडे चालताना हातगाडीवर मटार दिसले. कोवळे, हिरवेगार. दोन किलो घेतले, आणि तिथंच फुटपाथच्या कडेला उभी राहून काकींना फोन लावला. रेंज खराब होती, पण त्यांनी उचलला. मी भडाभडा सगळं सांगितलं. थिएटर, हिरो, शिट्ट्या, हे काय म्हणाले, मी कशी उठले.

"आणि तो?" काकींनी विचारलं. "आला का मागोमाग?"

मी वळून बघितलं. गर्दीतून, थिएटरच्या बाजूनं, हे माझ्याकडे येत होते. घाईनं नाही, पण येत होते. चेहऱ्यावर राग होता की काय होतं, एवढ्या लांबून दिसत नव्हतं. हातात समोशांची पुडी होती.

"येतायत," मी म्हणाले.

"हिरो निघाला का गं शेवटी?"

"माहीत नाही, काकी. आत्ता इंटरव्हल आहे."

मग मागून त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला, "ऐकू येतंय का तिला?" आणि काकी म्हणाल्या, "येतंय हो." मग मला म्हणाल्या, "बरं. मटार सोलून घे तोवर."